नमुना शुद्ध, तरी पिवळे कार्ड?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पिण्यायोग्य ठरला, तरीही ग्रामपंचायतीला पिवळे कार्ड मिळाले. असे का व्हावे?

उत्तर : महाराष्ट्रात हिरवे, पिवळे वा लाल कार्ड एखाद्या नमुन्यावरून नव्हे, तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ठरते, त्यात विहिरीभोवतीचा परिसर, गळक्या जलवाहिन्या आणि टीसीएल पावडरीचा (पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचा) साठा तपासला जातो. पिवळे म्हणजे मध्यम जोखीम. या पावडरीकडे (खेदाची गोष्ट अशी की) फारसे कोणी लक्ष देत नाही. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, परंतु ओलसर खोलीत उघड्या पोत्यात तो झपाट्याने उडून जातो. म्हणून जलसुरक्षकाने (गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने) शेवटच्या नळावर ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडिन द्रावण टाकून पाण्याच्या रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी) घेऊन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री करावी.