एक कोटी व्होल्टविना

प्रश्न : आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे रेषीय त्वरक (इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणारी यंत्रे) घडवले आहेत. त्यांत खरोखर एक कोटी व्होल्टचा दाब लावतात का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचे एकक आहे : एका व्होल्टचा दाब पार करताना इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा. एक कोटी व्होल्टचा दाब एका जागी टिकवणे फार अवघड असते, म्हणून ते काम सूक्ष्मलहरींकडून करून घेतात. क्लिस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन या सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळ्यांमधून काही मायक्रोसेकंदांपुरती, पण मेगावॉटच्या घरातली शक्ती तांब्याच्या पोकळ्यांच्या रांगेत सोडली जाते. अशा यंत्रांत 2856 मेगाहर्ट्झ ही कंप्रता रूढ आहे. तिची तरंगलांबी सुमारे 10.5 सेंटिमीटर. पोकळीतले विद्युतक्षेत्र सेकंदाला साडेपाच अब्जांहून अधिक वेळा दिशा बदलते, त्यामुळे नेमक्या क्षणी शिरलेले इलेक्ट्रॉनच प्रत्येक पोकळीत पुढे ढकलले जातात. सुरुवातीच्या पोकळ्या आखूड ठेवतात, कारण तिथे इलेक्ट्रॉन अजून मंद असतात. 1 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला मात्र त्यांचा वेग प्रकाशाच्या 94 टक्के होतो आणि पुढे वेग फारसा न वाढता ऊर्जाच वाढत राहते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पाण्याने तापमान राखण्याची व्यवस्था. तांबे अवघ्या 1 अंशाने तापले, तरी पोकळीची स्वाभाविक कंप्रता सुमारे 50 किलोहर्ट्झने घसरते, ती सूक्ष्मलहरींशी जुळेनाशी होते, आणि मग शक्ती आत शिरण्याऐवजी स्रोताकडे परत फिरू लागते.