सारखी व्हायरल सर्दी झाल्यामुळे नाकात पॉलिप होतात का?

तुम्हाला वर्षभर सर्दी असते, आता नाकात पॉलिप, म्हणजे आतलं अस्तर सुजून होणारे मऊ गोळे, निघालेत आणि ते व्हायरसमुळेच झाले का असं विचारलंय. 'व्हायरल आहे, जाईल आपोआप' हे ऐकत माझ्या आईने फार काळ फुकट घालवलाय, म्हणून लिहितोय.

आई मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकते. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करायला यायचे तेव्हा मूठभर सोडे नाकाजवळ नेऊन ती सांगायची, यात ओल राहिलीय, हे नेऊ नका, बुरशी धरेल. गिऱ्हाईक तिच्या नाकावर विश्वास ठेवून यायचं. २०२१ मध्ये तीच म्हणायला लागली, "माका कसलोच वास येना नाय." मुंबईहून थोरल्या दादाने फोनवरच निकाल लावला, कोरोना होऊन गेला असणार, व्हायरसने वास जातो, येईल हळूहळू. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं त्यामुळे घरात सगळ्यांना पटलं. पण कोरोनाने वास गेलेल्यांचं नाक बऱ्याचदा मोकळं असायचं, आईचं दोन्हीकडून गच्च, रात्रभर तोंडाने श्वास, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची गोळी घेतली की छाती भरून यायची. हे कोणी जोडून बघितलंच नाही. जवळचा डॉक्टर दर वेळी अँटिबायोटिक लिहून द्यायचा, व्हायरल म्हणायचं आणि अँटिबायोटिक द्यायचं, याला काय अर्थ आहे?

शेवटी मीच तिला कोल्हापूरला ईएनटीकडे नेलं. दुर्बीण आत गेली आणि स्क्रीनवर ताडगोळ्यासारखे फिकट, ओले गोळे दिसले, डॉक्टरांनी सळईने हलवले तरी आईला दुखलं नाही. नाकाच्या आतलं साधं मांस असतं तर कळवळली असती. त्यांनी लगेच विचारलं, दुखण्याच्या गोळीने दम लागतो का? पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या न सोसणं, हे त्रिकूट विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९२२ मध्येच लिहून ठेवलंय, आज त्याला सॅम्टर या दुसऱ्या डॉक्टरचं नाव आहे. त्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या.

आता व्हायरसचं. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीन सर्द्या होतातच, पॉलिप मात्र शंभरात एक ते चार जणांनाच होतात, म्हणजे नुसत्या सर्दीने होत असते तर गावच्या गाव भरलं असतं. पॉलिप म्हणजे अस्तराची मुरलेली सूज, त्यात बहुतेक वेळा इओसिनोफिल नावाच्या, ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात, स्टॅफिलोकोकस जंतूचं विषही ती सूज वाढवतं. ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे सर्दीचा नेहमीचा व्हायरस, अस्तर दुखावतो आणि तिथून जे सिग्नल सुटतात ते हीच सूज भडकवतात, म्हणून सर्दीनंतर त्रास वाढतो, हे आईच्या बाबतीत आजही दिसतं. पॉलिपच्या तुकड्यात एपस्टाईन-बारसारखे व्हायरस सापडलेत, पण सापडला म्हणजे त्यानेच केलं असं होत नाही, निरोगी नाकातही व्हायरस सापडतात.

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, वास परत आला, आता स्टेरॉईड स्प्रे रोज आहे. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, म्हणजे डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच, विहिरीचं थेट नको. बरं वाटलं म्हणून स्प्रे सोडू नका, पॉलिप परत येतात. दादा दर गणपतीला येऊन सांगतो 'आता बरी आहे ना, सोड ते स्टेरॉईड, सवय लागेल'. नाकातल्या स्प्रेची सवय लागत नाही, सवय लागते ती मेडिकलमधून आणलेल्या नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची, आणि ते दादा स्वतः वर्षानुवर्षं घालतोय! वास आला नाही म्हणून ओले सोडे गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेले तेव्हा आई घरी येऊन रडली होती, ते त्याने बघितलं नाही.

मी डॉक्टर नाही, तुमचं नाक वेगळं असू शकतं. आणि एकाच बाजूला गोळा असेल किंवा रक्त येत असेल तर हे सगळं विसरा. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाचा नाकातला ट्यूमर वरून पॉलिपसारखाच दिसू शकतो, त्यातल्या काहींत एचपीव्ही व्हायरस सापडतो, आणि थोड्यांचा पुढे कॅन्सर होतो. तळ्यात आंघोळ करणाऱ्यांना ऱ्हायनोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्मजीवामुळे लाल, सहज रक्त येणारा गोळा होतो, तो व्हायरस नाही. त्यामुळे काढलेला तुकडा लॅबला पाठवायला लावा आणि रिपोर्ट स्वतः मागून घ्या.