स्कूबा डायव्हिंगनंतर बडीचा (जोडीदार डायव्हरचा) खांदा दुखतोय, बोटांना मुंग्या येताहेत. हा डीकॉम्प्रेशन सिकनेस असेल का? मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की दिवसात दोन डायव्ह झाल्या, सर्वांत खोल २८ मीटर. डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून सुरक्षित मर्यादा दाखवणारं उपकरण) शेवटपर्यंत मर्यादेत होता आणि सेफ्टी स्टॉपही (वर येण्याआधी थोडा वेळ थांबणं) केला होता. तरी तासाभरात बडीचा खांदा दुखू लागला, बोटांना मुंग्या आल्या, आणि तो म्हणतोय की सिलिंडर उचलताना लचक भरली असेल. असं काही पाण्यातच झालं तर काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय.

हो, हा डीकॉम्प्रेशन सिकनेस असू शकतो, म्हणजे वर येताना दाब कमी झाल्यावर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होणं. डॉक्टर 'नाही' म्हणेपर्यंत तुम्ही तो आहे असंच धरून चाला. नुसता खांदा दुखत असता तरी मी हेच सांगितलं असतं. इथे मुंग्याही आहेत, म्हणजे मज्जासंस्थेचा प्रश्न असू शकतो आणि त्यात थांबून वाट बघणं महागात पडतं.

सगळ्यात आधी ऑक्सिजन लावा. मिळेल तितका शुद्ध, शक्यतो १०० टक्के. डिमांड व्हॉल्व्ह (श्वास ओढला तरच गॅस सोडणारा) असेल तर तोच वापरा. त्यात गॅस वाया जात नाही. नसेल तर पिशवीवाला नॉन-रीब्रीदर मास्क, मिनिटाला १५ लिटर. मास्क लावायच्या आधी पिशवी भरू द्या. श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय किंवा मास्क कडेने गळतोय. नाकातली नळी इथे उपयोगाची नाही, तिच्यातून जेमतेम ४० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन मिळतो. शुद्ध ऑक्सिजनचा मुद्दा असा की फुप्फुसात नायट्रोजन जवळपास उरतच नाही, म्हणून रक्तातला आणि बुडबुड्यांमधला नायट्रोजन झपाट्याने बाहेर पडतो. शिवाय बुडबुड्यांमुळे रक्तपुरवठा अडलेल्या पेशींनाही जास्त ऑक्सिजन पोहोचतो.

सिलिंडर किती वेळ पुरेल, याचा हिशोब लगेच करा. ६४० लिटरचा सिलिंडर १५ च्या प्रवाहावर ४२ मिनिटांत रिकामा होतो. हॉस्पिटल दोन तासांवर असेल तर दुसऱ्या सिलिंडरची सोय आत्ताच करायला हवी. पण पुरवून वापरायचा म्हणून प्रवाह कमी करू नका. सुरुवातीलाच पूर्ण द्या. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लागलेला हात लावायचा नाही आणि आसपास कुणी सिगारेट पेटवायची नाही.

ऑक्सिजन सुरू असतानाच कुणाला तरी स्थानिक आपत्कालीन सेवेला फोन करायला सांगा. त्यानंतर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या (डायव्हरना वैद्यकीय मदत देणारी संस्था) चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनला. परस्पर चेंबर (दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) गाठायला निघू नका. चेंबर त्या वेळी बंद असू शकतो, तिथे माणूस नसू शकतो. आधी जवळचं हॉस्पिटल, आणि चेंबरची व्यवस्था डॉक्टरांमार्फत.

बडीला आडवं झोपवा. डोकं खाली, पाय वर असं करू नका. ती जुनी पद्धत होती, आता ती सांगत नाहीत. शुद्ध हरपली किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. शुद्धीवर असेल आणि मळमळ नसेल तर घोटघोट पाणी द्या. लघवी होतेय का, हे मात्र संकोच न करता विचारा. मूत्राशय भरलेलं वाटतंय पण लघवी होत नाही, हे मज्जारज्जूला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. तसं असेल तर पाणी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नका, लक्षण झाकलं जातं. ॲम्ब्युलन्समध्ये वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइडचं मिश्रण देऊ लागले तर ठामपणे नाही म्हणा आणि 'डायव्हिंग झालंय' हे सांगा. तो वायू बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो.

मदत येईपर्यंत छोटी तपासणी करून वेळेसकट लिहून ठेवा. नाव, तारीख, जागा विचारा. डोळे बोटामागे फिरतात का, हसताना तोंड वाकडं होतं का, दोन्ही हातांची पकड सारखी आहे का, दोन्ही पाय तुमच्या हाताला जोर लावून ढकलू शकतो का, कापसाचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखा जाणवतो का. अर्ध्या तासाने पुन्हा करा. लक्षणं वाढताहेत की कमी होताहेत, यावर डॉक्टरांचा निर्णय बराच अवलंबून असतो. डायव्ह कॉम्प्युटर त्याच्याबरोबर पाठवा. आणि तुम्हीही त्याच डायव्ह केल्या आहेत, म्हणून तुम्हीही आज पाण्यात उतरू नका आणि स्वतःकडे लक्ष ठेवा.

आता तो जे म्हणतोय त्याबद्दल. 'काही नाही झालं, लचक आहे' हे जवळपास प्रत्येक जण म्हणतो, आणि उशीर होतो तो यामुळेच. हलवलं तरी फारसं न बदलणारं, खोल, ठसठसणारं सांध्याचं दुखणं संशय वाढवतं. पण दाबल्यावर दुखलं म्हणून डीकॉम्प्रेशन सिकनेस नाही, असं ठरवता येत नाही. कॉम्प्युटर मर्यादेत होता याने काहीच सिद्ध होत नाही. त्याला खोली आणि वेळ कळते. शरीरात पाणी कमी होतं, थंडी होती, वर आल्यावर जड सामान उचललं, किंवा हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून छोटं छिद्र उघडं राहिलंय, हे त्याला कळत नाही. असं छिद्र साधारण चारांतल्या एका माणसात असतं. बहुतेकांना लक्षणं पहिल्या सहा तासांत दिसतात, काहींना चोवीस तासांपर्यंत.

ऑक्सिजनवर दुखणं थांबलं तरी हॉस्पिटलला जायचंच. मास्क काढल्यावर लक्षणं परत येऊ शकतात, कधी आधीपेक्षा वाईट. आणि 'परत पाण्यात खाली जाऊ, बरं वाटेल' असं कुणी सुचवलं तर अडवा. हवेवर खाली गेलं की आणखी नायट्रोजन शोषला जातो, आणि अर्धांग लुळं पडायला लागलेला माणूस पाण्यात बुडतो. चेंबरमधला नेहमीचा उपचार १८ मीटरच्या दाबावर सुरू होतो, वीस-वीस मिनिटं ऑक्सिजन आणि मध्ये पाच मिनिटं हवा, आणि एकूण पावणेपाच तास चालतो. हे समुद्रात करता येत नाही.

पाण्यातच बडी बेशुद्ध पडला तर मागून धरा. रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) तोंडात असेल तर तो हाताने दाबून ठेवा. निघाला असेल तर परत बसवण्यात वेळ घालवू नका. मान सरळ ठेवा, फुप्फुसातली फुगणारी हवा आपोआप बाहेर पडेल. त्याच्या बीसीडीने (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) तरंगण नियंत्रित करत थेट वर या, स्टॉप नाही. तुमचा स्वतःचा डीकॉम्प्रेशन स्टॉप (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत सक्तीने थांबणं) बाकी असेल आणि ते चुकवणं धोक्याचं असेल, तर त्याची वजनं सोडून त्याला एकट्याला वर जाऊ द्या. वर आल्यावर तोंड आकाशाकडे, बीसीडी फुगवा, वजनं टाका, ओरडून मदत बोलवा. श्वास नसेल तर आधी दोन श्वास द्या. छाती दाबणं पाण्यात जमत नाही, ते बोटीवर: तीस दाब, दोन श्वास. वर येताच किंवा दहा मिनिटांच्या आत बेशुद्ध झाला, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर फुप्फुस फाटून हवा धमनीत गेली असण्याची शक्यता जास्त. प्रथमोपचार तेच, घाई मात्र आणखी.

विमानाचं तिकीट असेल तर आजच रद्द करा. लक्षणं नसलेल्यालाही एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, आणि तुमच्यासारख्या एकापेक्षा जास्त डायव्हनंतर किमान १८ तास थांबावं लागतं. तुमच्या बडीला लक्षणं आहेत, त्यामुळे त्याने कधी उडायचं आणि पुन्हा कधी डायव्ह करायची, हे डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरनेच ठरवायचं. हॉस्पिटलचा रस्ता उंच घाटातून जात असेल तर तेही फोनवर सांगा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बुडबुडे वाढतात, म्हणून शक्यतो ३०० मीटरच्या आत राहणारा रस्ता बघायला हवा.