सोळा चौकटींत दीपमाळ

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी वाचनालयाचे संकेतस्थळ सुरू झाले आहे. बोधचिन्हात मधोमध सात मजली दीपमाळ, खाली उघडे पुस्तक, दोन्ही बाजूंना माड आणि भोवती गोलाकार नाव आहे. तेच लहान करून ब्राउझरच्या टॅबवर लावले, तर नुसता करडा डाग दिसतो. काय करावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : टॅबवर चिन्हाला साध्या पडद्यावर १६ × १६ पिक्सेल मिळतात, दाट पिक्सेलच्या पडद्यावर ३२ × ३२. सात मजले सोळा ओळींत बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. पुस्तक, माड आणि नाव कुठे मावणार? मग ब्राउझर शेजारशेजारच्या रंगांची सरासरी काढतो आणि सगळे करडे होते.

एकच वस्तू ठेवा. आमच्या मते ती दीपमाळच असावी. माड वगळताना हळहळू नका. गोव्यात तो इतक्या फलकांवर असतो की टॅबच्या गर्दीत तो तुमच्याच वाचनालयाची खूण ठरणार नाही.

मोठे चित्र आवळू नका, नवे काढा. इंकस्केप ही चित्रे काढायची संगणक-प्रणाली मोफत मिळते. त्यात १६ × १६ चा कागद घ्या, १ पिक्सेलची जाळी लावा आणि आकार जाळीलाच चिकटतील अशी सोय चालू करा. मजले सातऐवजी तीनच ठेवा. वरून खाली ओळींचा हिशेब असा : ज्योत २, मजला ३, फट १, मजला ३, फट १, मजला ३, फट १, पाया २. झाल्या सोळा. रुंदी अनुक्रमे ज्योत २, मजले ६, ८, १० आणि पाया १४. रुंदी समच हवी. विषम घेतली की मध्य साधताना दोन्ही कडा अर्ध्या पिक्सेलवर पडतात आणि पुसट होतात. आयतांना बाह्यरेषाही देऊ नका. ती कडेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी सांडते, परिणाम तोच. मजले उभ्या बाजूंचेच ठेवा. बाजू तिरप्या केल्या की दीपमाळेचे नाताळचे झाड होते.

रंग चिऱ्यासारखा तांबडा घ्या, फार काळपट नको, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही टॅबवर तो उठून दिसेल. पिवळी ज्योत पांढऱ्यावर विरते, म्हणून नारिंगी बरी.

अक्षर घ्यायचे ठरले तर एकच, बिनमात्रेचे घ्या. वरची मात्रा तीन-चार ओळी खाते, आणि ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ एवढ्या जागेत भरून जाते. फाइल करण्याआधी अक्षराचे आकारात रूपांतर करा, नाहीतर तो फाँट नसलेल्या संगणकावर भलतेच अक्षर उमटेल.

प्रश्न : संकेतस्थळ आयफोनच्या मुख्य पडद्यावर ठेवले, तर चिन्हामागे काळा चौकोन येतो. अँड्रॉइडवर पायाची टोके कापली जातात. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आयफोनसाठी १८० × १८० ची वेगळी पीएनजी फाइल लागते. तिची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली की ती जागा काळी भरली जाते, म्हणून पार्श्वभूमीला रंग द्या. कोपरे गोल करू नका, ते फोन करतो.

अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२ अशा दोन फाइली द्या. काही फोन चिन्ह गोल कापतात. तिथे मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळातलेच शाबूत राहण्याची खात्री असते. ५१२ च्या फाइलीत ते वर्तुळ सुमारे ४१० पिक्सेलचे. चौरस आकृती त्यात बसवायची तर तिची बाजू २९० च्या आत ठेवा. बाकी जागा नुसत्या रंगाची.

प्रश्न : नवे चिन्ह चढवले, तरी जुनेच दिसते.

उत्तर : ब्राउझर ते साठवून ठेवतो. फाइलीचे नाव बदला आणि पानाच्या कोडमधल्या शीर्षभागातला (head) तिचा दुवाही बदला. गूगलच्या शोधनिकालात मात्र बदल दिसायला काही दिवस, कधी त्याहून जास्त लागतात.