चार नंबर म्हणजे चौथी स्टेज नव्हे

"मॅडम, चौथी स्टेज आहे ना?" ठाण्यात स्तनातल्या गाठीच्या धास्तीने समुपदेशनाला येणाऱ्या बायका फाइल उघडायच्या आधीच हे विचारतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स ४' हा शेरा वाचलेला असतो, बाकीचं कोणी वाचतच नाही.

कळव्याच्या एक ताई, वय ४४. त्यांच्या रिपोर्टवर '४ए' होतं आणि जावेने त्या चाराभोवती लाल पेनाने गोल केला होता. बायोप्सीची तारीख दोनदा चुकवलेली. नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं, पण मुलीला बँकेची पासबुकं समजावून झाली होती.

पहिली भेट रडण्यातच गेली. नुसता धीर देण्यावर माझा विश्वास नाही. समुपदेशनाची आमची विवेकनिष्ठ पठडी विचाराला पुरावा मागते.

"कॅन्सर आहे असं कुठं लिहिलंय? बोट ठेवा."

बोट चारावर गेलं.

"हा चार कोणी दिला?"

"सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी."

"तुकडा काढून बघितला त्यांनी?"

"नाही, नुसती सोनोग्राफी." बोट तिथंच थांबलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे हा आजाराचा नंबर नाहीच. पुढं काय करायचं, त्याचा आहे."

हे वाक्य मी पहिल्याच भेटीत सांगू शकले असते. मुद्दाम सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत ते त्यांचं त्यांना सापडलं आणि बायोप्सीची तारीख त्यांनी स्वतः फोन करून घेतली.

बायरॅड्स हे प्रतिमेवरून बांधलेल्या शंकेचं माप आहे. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, ४ए मध्ये २ ते १०, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५, आणि ५ मध्ये त्याहून जास्त. म्हणजे ४ए असलेल्या शंभरजणींपैकी किमान नव्वदजणींना कॅन्सर नसतो. सुई टोचायची ती उरलेल्यांसाठी. स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि इतरत्र पसरणं पाहून.

बायोप्सी जाड सुईचीच करा म्हटलं तर कुरकुरू नका. बारीक सुईत सुट्या पेशी येतात. त्या दूधनळीच्या आतच होत्या की भिंत फोडून बाहेर आल्या, हे त्यातून कळत नाही. जाड सुईने जागा बधिर करून शेवयांच्या तुकड्यांसारखे चार-पाच तुकडे काढतात आणि लगेच फॉर्मलिनमध्ये टाकतात.

ताईंचा रिपोर्ट आला: 'स्क्लेरोझिंग एडिनोसिस, एटिपिया नाही'. नावानेच पुन्हा घाबरल्या, पण हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर नसलेल्या बदलांच्या तीन पायऱ्या आहेत. साध्या गाठी-सिस्ट, ज्यांनी पुढे कॅन्सर होण्याचा धोका फारसा वाढत नाही; पेशींची वाढ झालेली पण रूप नीट असलेले बदल, ज्यांत धोका साधारण दीड ते दुप्पट; आणि रूप बिघडलेली वाढ म्हणजे एटिपिया, ज्यात तो सुमारे चौपट. ताई मधल्या पायरीवर होत्या.

एक प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारायलाच हवा: तुकड्यांचा निष्कर्ष सोनोग्राफीतल्या चित्राशी जुळतो का? चित्र ४सी किंवा ५ चं आणि तुकडे साधे असतील, तर सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते. बायोप्सी पुन्हा करावी लागते. ताईंनी तो विचारला. उत्तर होतं, "जुळतो. सहा महिन्यांनी सोनोग्राफी." त्या वेळी नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता.