आल्फ्रेड माउर्स्टाड खरंच फिडल वाजवायचे, की ते फक्त नट होते?

तुम्ही विचारलंय की नॉर्वेच्या जुन्या चित्रपटांतले आल्फ्रेड माउर्स्टाड खरोखरचे लोकवादक होते का, आणि त्यांच्या आयुष्याबद्दल मराठीत काही वाचायला का मिळत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, ते हार्डांगर फिडल, म्हणजे व्हायोलिनसारखं नॉर्वेचं लोकवाद्य, वाजवत. दुसऱ्याचं कारण मला माहीत नाही, पण मी बर्गनला राहते आणि या माणसावर माझा जीव आहे, तेव्हा जे ठाऊक आहे ते लिहिते.

जन्म २६ जुलै १८९६, पश्चिम नॉर्वेतल्या नूर्फ्योर भागात, ब्रिग्या नावाच्या गावात. फ्योर्डकाठचा (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची खाडी), बोटींचा आणि लहान शेतांचा मुलूख. लग्न असो की नाच, अशा मुलखात फिडलवाल्याशिवाय पान हलत नसे. तरी त्याचा मान निर्वेध नव्हता. एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची लाट आली तेव्हा हे सैतानाचं वाद्य ठरलं आणि कित्येकांनी आपली फिडल जाळली. त्यातूनही ही कला टिकली हे मला फार मोठं वाटतं.

वाद्य जवळून पाहिलंत तर हरखून जाल. पट्टीवर शिंपल्याचं जडावकाम, अंगावर काळ्या शाईने काढलेली वेलबुट्टी, आणि वरच्या टोकाला कोरलेलं सिंहाचं किंवा ड्रॅगनसारखं डोकं. वाजवायच्या तारा चारच. त्यांच्या खालून आणखी चार-पाच तारा जातात. त्यांना कोणी हात लावत नाही, वरचा सूर लागला की त्या आपोआप घुमतात, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. घोडी चपटी असल्यामुळे गज बहुधा दोन तारांवर एकदम फिरतो. वादक बसून वाजवतो आणि पायाने जमिनीवर ठेका धरतो. ‘हालिंग’ नाचात कोणीतरी काठीवर टोपी उंच धरायची आणि नाचणाऱ्याने उडी मारून ती लाथेने उडवायची. पाय आणि गज एकाच वेळी सांभाळायची ही शिस्त अंगात मुरलेल्या माणसाला रंगमंचावर उभं राहणं वेगळं शिकवावं लागत नसेल.

१९२० साली ते राजधानीतल्या ‘देत नोर्स्के तेआत्रेत’मधून रंगभूमीवर आले. हे नाटकगृह १९१३ मध्ये सुरू झालं ते मुळात खेड्यापाड्यांतल्या बोलींवर उभ्या राहिलेल्या नीनॉर्स्क भाषेत नाटकं करण्यासाठी. सुरुवातीलाच शहरातल्या विरोधकांनी शिट्ट्या मारून, आरडाओरडा करून तिथे धिंगाणा घातला होता. शेतकऱ्याची भाषा रंगमंचावर कशाला, हा त्यांचा राग. म्हणजे माउर्स्टाड गावाकडून जे घेऊन आले होते, ती बोली, ती लय, त्याचीच या नाटकगृहाला गरज होती. त्यांचं फिडलवादन आणि अभिनय वेगळे काढून बघू नका, असं मी म्हणते ते यामुळेच. पुढे तीसच्या दशकात ते नॅशनल थिएटरमध्ये गेले आणि तिथले मोठे नट झाले. इब्सेनच्या नाटकातला पीअर गिंटही त्यांनी केला. पीअर गिंट म्हणजे गावातला थापाड्या, स्वप्नाळू पोरगा. नाटकात लग्नघरातला नाच आहे, डोंगरातले ट्रोल, म्हणजे लोककथांतले राक्षस, आहेत. ही भूमिका त्यांच्या वाट्याला येणारच होती.

चित्रपटात नाव झालं ते ‘फान्त’मुळे, १९३७. दिग्दर्शक टांक्रेड इब्सेन. हा हेन्रिक इब्सेनचा नातू, आणि आईकडून नाटककार ब्यॉर्नसनचाही. मराठी वाचकाला ब्यॉर्नसन परका नाही: १९३३ साली नाट्यमन्वंतरने केलेलं वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ त्याच्याच नाटकावर बेतलेलं आहे. ‘फान्त’मध्ये नको असलेल्या लग्नातून पळालेली मुलगी बोटीवर राहणाऱ्या भटक्यांमध्ये येऊन पडते. माउर्स्टाड त्यात फेन्द्रिक आहेत, देखणा, गोडबोल्या आणि क्रूर. त्यांच्या हसण्याची भीती वाटते. चित्रपटातलं भटक्या लोकांचं चित्रण मात्र मला आज अन्यायाचं वाटतं, आणि ते मनात ठेवूनच तो बघावा. दोन वर्षांनी याच दिग्दर्शकाबरोबर ‘येस्त बोर्डसेन’ आला, पुन्हा पुन्हा तुरुंगातून निसटणाऱ्या एका खऱ्या चोराची गोष्ट.

१९४२ च्या ‘त्रिसिल-क्नुत’मध्येही प्रमुख भूमिका त्यांचीच. त्याचे दिग्दर्शक रास्मुस ब्राइस्टाइन हेही मुळात नट आणि फिडलवादक! फिडलचा गज धरणारे दोघे एकाच चित्रपटात, एक कॅमेऱ्यामागे, एक पुढे. त्या पिढीत नॉर्वेच्या ग्रामीण चित्रपटाला माणसं कुठून मिळाली ते यावरून कळतं. माउर्स्टाड यांनी स्वतःही एक-दोन चित्रपट दिग्दर्शित केले, पण माझ्या मते त्यांची ताकद अभिनयातच होती.

५ सप्टेंबर १९६७ ला ते गेले. मुलगा तूराल्व आणि मुलगी मारी दोघंही अभिनयात आले. तूराल्वनेही पीअर गिंट केला, आणि १९७० च्या एका अमेरिकी चित्रपटात संगीतकार ग्रीगची भूमिका केली.

बघायला सुरुवात ‘फान्त’पासून करा, मग ‘येस्त बोर्डसेन’. मध्ये एखाद्या संध्याकाळी हार्डांगर फिडल ऐका, नुसतं, नाचाशिवाय. कान आधी त्या घुमणाऱ्या तारांना सरावले की माउर्स्टाड यांच्या बोलण्यातले चढउतार जास्त लक्षात येतील.