तळमजल्यावर वायरचा राउटर, वर वायफाय राउटर: दोन्ही एकाच नेटवर्कमध्ये कसे आणायचे?

तुम्ही लिहिलंय की तळमजल्यावर वडिलांचं जमाखर्चाचं ऑफिस आहे. तिथे वायफाय नसलेला जुना राउटर, त्यावर वायरने जोडलेले तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. वर घरात नवा वायफाय राउटर आणलात, खालून केबल ओढून त्याच्या निळ्या पोर्टात लावली. नेट सुरू झालं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडेना. कुणीतरी सुचवलं म्हणून तीच केबल पिवळ्या पोर्टात लावली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या तीनपैकी दोन कॉम्प्युटरचं नेट बंद. आता नवा राउटर परत करावा का, असं विचारताय.

परत करू नका. राउटर चांगला आहे आणि पिवळं पोर्ट हेच बरोबर आहे. केबल लावायच्या आधी करायचं एक काम तेवढं राहिलं.

आधी निळ्या पोर्टाचं सांगतो. बहुतेक घरगुती राउटरवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचं असतं, ते बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी, म्हणजे वॅन. बाकीची, तुमच्याकडची पिवळी, घरातल्या वस्तूंसाठी, म्हणजे लॅन. तुम्ही खालची केबल वॅनमध्ये लावली, तेव्हा नव्या राउटरने खालचं अख्खं ऑफिस ‘बाहेरचं जग’ धरलं आणि वर स्वतःचा वेगळा संसार मांडला. तुमच्या फोनवर १९२.१६८.०.१०३ असा पत्ता (नेटवर्कमधल्या प्रत्येक वस्तूला मिळणारा नंबर) दिसतो आणि खालच्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१ ने सुरू होणारा, तो याच कारणाने. प्रिंटर शोधताना लॅपटॉप आपल्याच नेटवर्कमध्ये आवाज देतो आणि तो आवाज राउटरच्या पलीकडे जात नाही. प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला तर वरून खाली छपाई होऊ शकते, पण खालच्या कॉम्प्युटरला वरच्या लॅपटॉपमधली फाइल हवी असेल तर तिकडून वाट बंदच.

आता पिवळं पोर्ट. कॉम्प्युटर नेटवर्कवर आला की हाळी देतो, ‘मला पत्ता द्या’. राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय त्याला ओ देते, पत्ता देते आणि बाहेर जायचा दरवाजा कुठला, म्हणजे गेटवे, तेही सांगते. केबल पिवळ्या पोर्टात गेल्यावर दोन्ही राउटर एकाच अंगणात आले आणि दोघेही ओ द्यायला लागले. ज्याची ओ आधी पोचेल त्याचंच कॉम्प्युटर ऐकतो. सकाळी कॉम्प्युटर चालू होताना ही देवघेव पुन्हा झाली. दोघांना वरच्या राउटरने पत्ता दिला आणि ‘बाहेर जायचं तर माझ्याकडून जा’ असं सांगितलं. पण त्याचं वॅन पोर्ट तर आता रिकामं. तिसऱ्याला जुन्या राउटरची ओ मिळाली, म्हणून तो चालला. हा दोष फार फसवा आहे. काही चालतं, काही नाही, बंद करून चालू केलं की कधी सुधारतं, आणि माणूस केबल बदलत बसतो.

म्हणून घरात पत्ते वाटणारा एकच राउटर ठेवायचा. तो खालचा असू दे. वरच्याने फक्त वायफाय द्यायचं.

खालून येणारी केबल आधी काढा. लॅपटॉप छोट्या केबलने वरच्या राउटरच्या पिवळ्या पोर्टात लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’, म्हणजे पत्ते न वाटता नुसतं वायफाय देणं, दिसला तर नशीब चांगलं, तो निवडा आणि राउटर सांगेल त्या पोर्टात खालची केबल लावा. तो नसेल तर हाताने करा, पण क्रम सांभाळा. सगळ्यात आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड ठेवून घ्या. मग डीएचसीपी बंद करा. शेवटी राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. हे जतन केल्याबरोबर ते पान अडकेल. घाबरू नका, राउटर नव्या पत्त्यावर राहायला गेलाय, इतकंच. आता खालची केबल पिवळ्या पोर्टात लावा, निळं रिकामं सोडा आणि लॅपटॉप वायफायवर घ्या.

त्याआधी खालच्या राउटरमध्ये एक गोष्ट बघून ठेवा: तो कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत (पत्त्याचा शेवटचा आकडा) पत्ते वाटतो. १०० ते १९९ असेल तर .२ मोकळा आहे. २ पासूनच वाटत असेल तर तिथे सुरुवात १०० वर न्या, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी फोनला तोच पत्ता मिळेल आणि दोघे भांडतील. प्रिंटरलाही असाच एक पत्ता कायमचा द्या, समजा .१०. ऑफिसमधल्या ‘प्रिंटर ऑफलाइन’च्या निम्म्या तक्रारी प्रिंटरचा पत्ता बदलल्याने येतात, असा माझा अनुभव आहे.

झालं की नाही हे फोनवरच कळतं. वायफायच्या तपशिलात पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि गेटवे १९२.१६८.१.१ दिसायला हवा. ज्या कॉम्प्युटरांनी वरचा पत्ता घेऊन ठेवलाय ते एकदा बंद करून चालू करा. आणि दोन राउटरांमध्ये केबल एकच. ‘जास्त स्पीड येईल’ म्हणून दुसरी लावली तर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि मिनिटभरात सगळं नेटवर्क गुदमरतं.

केबलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बिघाड खरा तिथेच लपतो. आत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या वेगाला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. बाकीच्या चारांपैकी एक जरी नीट बसली नाही तरी बहुतेक वेळा नेट चालतं, पण गुपचूप १०० वर उतरून. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा, क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर, आपल्या विरुद्ध बाजूला. डावीकडून नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी दिसायला हव्यात आणि प्रत्येकीचं टोक समोरच्या भिंतीला टेकलेलं हवं. टेकलेलं नसेल तर कापून नवा कनेक्टर क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. केबल घेताना कॅट ६ आणि पूर्ण तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण ती वाकवताना लवकर तुटते. आणि शक्यतो जिन्यातून, पाइपातून न्या. गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने नेलेल्या केबलमुळे वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी दोन्ही टोकांचे राउटर जळालेले मी पाहिलेत.

तुमच्या प्लॅनचा वेग १०० च्या वर असेल, तर जुन्या राउटरची पोर्टं गिगाबिट आहेत का ते नक्की बघा. ती १०० वाली असतील तर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे जाणार नाही, मग वर कितीही भारी वायफाय लावा. तसं असेल तर पैसे खालचा राउटर बदलण्यावर खर्च करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऑफिसात लोकांचे हिशेब आहेत आणि वर पाहुण्यांचे, मुलांचे फोन येणार. ‘मग निळ्या पोर्टातच ठेवतो, वेगळं तरी राहील’ असा विचार मनात येईल. पण त्या जोडणीत झाकलं जातं ते वरचं घर. वरून खालच्या ऑफिसात जायची वाट उघडीच असते. अ‍ॅक्सेस पॉइंट केल्यावर ‘गेस्ट’ वायफायही दर वेळी खरंच वेगळं राहतंच असं नाही. म्हणून खालच्या कॉम्प्युटरांना पासवर्ड ठेवा, फाइल शेअरिंग गरजेपुरतंच ठेवा आणि वायफायचा पासवर्ड वाटत सुटू नका. पक्की फारकत हवी असेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच जोडणीत वेगवेगळी नेटवर्कं करायची सोय, येणारा राउटर लागतो, तो वेगळा खर्च.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. माझ्या बहिणीकडे चिपळूणला मी अशीच जोडणी करून आलो होतो. दीड वर्षाने नेट गेलं, दुरुस्तीला आलेल्या मुलाने वरच्या राउटरच्या भोकात पिन घालून तो रीसेट केला. डीएचसीपी पुन्हा चालू झालं आणि चार दिवस घरात कधी नेट, कधी नाही. त्या मुलाला दोष देता येत नाही, त्याला कळायला काही खूणच नव्हती. आता मी प्रत्येक घरी राउटरच्या पाठीवर कागद चिकटवतो. तुम्हीही चिकटवा: ‘पत्ता १९२.१६८.१.२. डीएचसीपी बंद. केबल पिवळ्या पोर्टात. रीसेट करू नये.’